प्रांताचे सार्वभौमत्व की प्रांतातल्या बलदंडांचे?

केंद्राने केलेला कायदा आम्हाला मान्य नाही, आमच्या हद्दीत आमची माणसे तो राबवणार नाहीत, असा ठराव एखाद्या प्रांताच्या विधिमंडळाने केला तर काय होईल? हा कायद्याच्या परीक्षेतला काल्पनिक प्रश्न नाही. कॅनडा या संघराज्यातील अल्बर्टा प्रांताने डिसेंबर २०२२ मध्ये असा ठराव करण्याची रीतसर सोय करून घेतली. ‘अखंड कॅनडातील अल्बर्टा सार्वभौमत्व कायदा’ असे त्या कायद्याचे नाव. नावातच सारी कसरत आहे! कॅनडा अखंडही हवा आणि प्रांताला सार्वभौमत्वही हवे.

सातासमुद्रापलीकडच्या या भांडणाशी आपल्या चळवळीचा काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. संबंध आहे. आपले संविधान लिहिले गेले तेव्हा मसुदा समितीपुढे ज्या संघराज्यांचे नमुने होते त्यांत कॅनडा महत्त्वाचा होता. कोणत्याच यादीत न बसणारे, उरलेले अधिकार केंद्राकडे ठेवण्याची आपली पद्धत अमेरिकेच्या उलट आणि कॅनडाच्या वळणाची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी कॅनडाचा उल्लेख नाव घेऊन केला आहे. भारताला ‘युनियन’ का म्हटले, असा आक्षेप काहींनी घेतला होता. कॅनडा हे संघराज्य असूनही त्याला युनियन म्हणतात, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आणि आपण तो शब्द कशासाठी योजला हेही स्पष्ट केले. आपले संघराज्य घटक राज्यांच्या आपसातल्या करारातून जन्मलेले नाही, म्हणून त्यातून फुटून निघण्याचा हक्क कोणत्याही राज्याला नाही, असा त्यांचा खुलासा होता.

पण संबंध याहून खोल आहे. केंद्र आणि प्रांत भांडतात तेव्हा दोघेही ‘जनतेच्या’ नावाने भांडतात. त्या जनतेत सर्वात खाली दबलेला माणूस धरलेला असतो का? अल्बर्टाच्या कायद्याची तपासणी याच कसोटीवर केली पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

ऑक्टोबर २०२२ मध्ये डॅनिएल स्मिथ अल्बर्टाच्या प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, झाल्या. २९ नोव्हेंबरला त्यांच्या सरकारने अधिवेशनातले पहिलेच विधेयक मांडले ते हे. ८ डिसेंबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ते मंजूर झाले. अवघ्या नऊ दिवसांत! १५ डिसेंबरला लेफ्टनंट गव्हर्नर सलमा लाखानी यांनी संमती दिली आणि त्याचा कायदा झाला.

कायद्याची रचना अशी आहे. केंद्राचा एखादा कायदा, नियम किंवा धोरण संविधानविरोधी आहे, किंवा त्यामुळे अल्बर्टाच्या लोकांचे नुकसान होते वा होईल, असा ठराव मंत्री विधिमंडळात मांडतो. साध्या बहुमताने ठराव संमत झाला की मंत्रिमंडळ ‘प्रांतिक संस्थांना’ आदेश देऊ शकते की हा कायदा राबवू नका. या संस्था कोणत्या? नगरपालिका, त्यांचे पोलीस, शाळा मंडळे, विद्यापीठे, आरोग्य यंत्रणा, प्रांताची महामंडळे. मूळ विधेयकात तर विधिमंडळाकडे परत न जाता नुसत्या मंत्रिमंडळाच्या आदेशाने प्रांताच्या कायद्यांत फेरफार करण्याची मुभा होती. त्यावर गदारोळ झाला तेव्हा ती तरतूद मागे घ्यावी लागली.

या कायद्याचा पहिला वापर नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. केंद्राने स्वच्छ वीजनिर्मितीसाठी जे नियम योजले होते त्यांच्याविरुद्ध तो ठराव होता. दुसरा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. तेल आणि वायू उद्योगातून बाहेर पडणाऱ्या प्रदूषक वायूंवर मर्यादा घालण्याचा केंद्राचा बेत होता, त्याविरुद्ध. दोन्ही ठरावांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अल्बर्टाच्या जमिनीखालचे तेल, वायू आणि त्यातून येणारा पैसा!

तक्रार खरी, उपाय कोणता?

प्रांताची तक्रार सगळीच खोटी आहे असे म्हणता येणार नाही. खनिज संपत्तीवर प्रांताचा अधिकार आहे हे कॅनडाचे संविधान मान्य करते. १९८० मध्ये तिथल्या केंद्र सरकारने राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम लादला तेव्हापासून अल्बर्टाच्या मनात सल आहे. आमचे तेल, आमचा घाम आणि निर्णय मात्र हजारो किलोमीटर लांब ओटावात, ही भावना तिथे घरोघरी आहे.

परंतु अशा तक्रारीसाठी संघराज्यात एक जागा ठरवून दिलेली असते आणि ती म्हणजे न्यायालय. अल्बर्टासाठी तिचा दरवाजा बंद होता काय? मुळीच नाही. केंद्राच्या कार्बन कराच्या कायद्याविरुद्ध प्रांत सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्राची बाजू उचलून धरली. प्रकल्पांच्या परिणामांची तपासणी करणाऱ्या केंद्राच्या दुसऱ्या कायद्याविरुद्ध अल्बर्टा गेला. मे २०२२ मध्ये अल्बर्टाच्याच अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने मत दिले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी तो केंद्रीय कायदा बव्हंशी संविधानबाह्य ठरवला. म्हणजे एकदा केंद्र जिंकले, एकदा प्रांत जिंकला. न्यायव्यवस्था जिवंत असल्याचे हेच लक्षण आहे.

मग सार्वभौमत्वाचा कायदा कशासाठी? पक्षकारालाच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवण्यासाठी! केंद्राचा कायदा संविधानविरोधी आहे की नाही, हे आता विधिमंडळातले बहुमत ठरवणार. वकिली करणारा कोणीही सांगेल की आपल्याच दाव्यात आपणच निकाल द्यायचा नाही, हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे. ते केंद्राला लागू आहे तसे प्रांतालाही लागू आहे.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. केंद्राच्या प्रत्येक कायद्यासाठी प्रांताने आपली माणसे राबवलीच पाहिजेत, असे कॅनडात नाही. हात न देणे वेगळे आणि अडथळा आणणे वेगळे. आणि हात न देण्याचे हे हत्यार इतिहासात दोन्ही बाजूंनी वापरले गेले आहे. अमेरिकेत १८५० साली पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा केंद्रीय कायदा झाला, तेव्हा उत्तरेकडच्या अनेक राज्यांनी आपले तुरुंग आणि आपले अधिकारी त्या कामासाठी देण्यास कायद्याने मनाई केली. माणसाच्या मुक्तीसाठी राज्याने केंद्राला केलेला तो विरोध होता. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला तेव्हा, दक्षिणेकडच्या राज्यांनी ‘राज्यांचे हक्क’ हीच घोषणा काळ्या मुलांना शाळेच्या दारात अडवण्यासाठी वापरली. आर्कान्सासमधल्या लिटल रॉक शहरात १९५७ मध्ये नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोचवण्यासाठी केंद्राला सैन्य पाठवावे लागले. १९५८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले की संविधानाचा न्यायालयाने लावलेला अर्थ राज्यांवर बंधनकारक आहे. घोषणा तीच, हत्यार तेच. एकदा ते गुलामाच्या बाजूने उचलले गेले आणि एकदा मालकाच्या वारसांच्या बाजूने!

१९३७ सालचा धडा

अल्बर्टाला हे नवीन नाही. १९३० च्या दशकातल्या महामंदीत तिथला शेतकरी कर्जाने पिचला होता. विल्यम एबरहार्ट नावाचे एक शाळेचे मुख्याध्यापक आणि धर्मोपदेशक ‘सोशल क्रेडिट’ पक्ष काढून १९३५ मध्ये सत्तेवर आले. बँकांना वेसण घालण्याचे त्यांचे आश्वासन होते. लोकांचे दुःख खरे होते, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यांच्या सरकारने १९३७ मध्ये जे कायदे केले ते पाहा. बँकिंग हा केंद्राचा विषय असूनही त्यात हात घातला. प्रांताच्या कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान द्यायचे तर आधी प्रांत सरकारची परवानगी घ्यायची, असाही एक कायदा केला! केंद्राने ते कायदे त्या वेळी हाती असलेला नामंजुरीचा अधिकार वापरून रद्द केले. मग आणखी तीन विधेयके आली. त्यांतले एक वर्तमानपत्रांना सरकारचे खुलासे छापायला आणि बातमी देणाऱ्यांची नावे उघड करायला भाग पाडणारे होते. लेफ्टनंट गव्हर्नर जॉन बोवेन यांनी तिन्हींवरची संमती राखून ठेवली आणि १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही विधेयके प्रांताच्या अधिकाराबाहेरची ठरवली. या लढ्याचे नेतृत्व केल्याबद्दल ‘एडमंटन जर्नल’ या दैनिकाला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला.

येथपर्यंतची गोष्ट वाचून कोणाला वाटेल की केंद्र बलवान असले की झाले. तसे नाही. पुढचे प्रकरण त्यासाठीच सांगितले पाहिजे.

हटराइट नावाचा एक छोटा ख्रिस्ती पंथ अल्बर्टात आहे. जर्मन बोली बोलणारे, शस्त्र हाती न घेणारे, सर्व मालमत्ता सामाईक ठेवून एकत्र शेती करणारे हे लोक. युद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अल्बर्टाने शत्रुराष्ट्राचे नागरिक आणि हटराइट यांना जमीन विकण्यास बंदी करणारा कायदा केला. १९४३ मध्ये केंद्राने तो नामंजूर केला. केंद्राने हा अधिकार वापरला ती ही शेवटची वेळ. पण आक्षेप मुख्यतः कशावर होता? परकीय नागरिक हा केंद्राचा विषय आहे यावर. मग अल्बर्टाने काय केले? १९४४ मध्ये परकीयांचा उल्लेख गाळून फक्त हटराइटांपुरता नवा कायदा केला आणि १९४७ मध्ये त्याला कायमचे रूप दिले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो वैध ठरवला, कारण जमीन हा प्रांताचा विषय! एका अल्पसंख्य समूहाने कुठे आणि किती जमीन घ्यावी यावर सरकारचा पहारा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू राहिला.

या प्रकरणातून वाचकांनी काय घ्यायचे? ‘हा विषय कोणाचा?’ एवढाच प्रश्न विचारला की उत्तर कधी केंद्र येते, कधी प्रांत येते. ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस त्या प्रश्नात कुठेच नसतो. त्याच्या हाती स्वतःचा, दोन्ही सरकारांवर चालणारा हक्क असेल तरच त्याचा निभाव लागतो. कॅनडाच्या संविधानात हक्कांची सनद आली ती १९८२ मध्ये. आणि त्या सनदेतही कलम ३३ घालून ठेवले आहे. त्याच्या आधारे कोणतेही विधिमंडळ सनदेतल्या काही महत्त्वाच्या हक्कांना पाच-पाच वर्षे बाजूला सारणारा कायदा करू शकते. क्युबेक प्रांताने २०१९ मध्ये हेच कलम वापरून शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांना कामावर पगडी, हिजाब, क्रॉस अशी धर्मचिन्हे घालण्यास बंदी केली. क्रॉस बंडीखाली झाकता येतो. शिखाची पगडी आणि मुस्लिम बाईचा हिजाब कसा झाकणार?

करार आधीचा, प्रांत नंतरचा

आता या भांडणातल्या तिसऱ्या पक्षाकडे वळू. तो पक्ष म्हणजे फर्स्ट नेशन्स, त्या भूमीची मूळ राष्ट्रे. अल्बर्टा प्रांत जन्मला १ सप्टेंबर १९०५ रोजी. त्या भूमीवर मूळ राष्ट्रांनी ब्रिटिश राजसत्तेशी केलेले करार त्याच्या आधीचे आहेत. सहावा करार १८७६ चा, सातवा १८७७ चा आणि आठवा १८९९ चा. आजच्या अल्बर्टाची जवळजवळ सगळी जमीन या तीन करारांखाली येते. हे करार कोणाशी झाले? राजसत्तेशी. प्रांत तर तेव्हा अस्तित्वातच नव्हता!

म्हणूनच सार्वभौमत्वाचे विधेयक आले तेव्हा या तिन्ही करारांच्या प्रमुखांनी त्याला विरोध केला. कायद्यात एक ओळ आहे की मूळ रहिवाशांच्या मान्य हक्कांना बाधा येणार नाही. पण ती ओळ लिहिण्यापूर्वी त्यांच्याशी सल्लामसलत केली होती का? नव्हती, हीच त्यांची मुख्य तक्रार होती. ओनियन लेक क्री नेशनने डिसेंबर २०२२ मध्येच अल्बर्टाच्या न्यायालयात दावा दाखल केला. जी जमीन आम्ही कधी तुमच्या नावे करून दिली नाही, तिच्यावर तुम्ही सार्वभौमत्व कोणत्या आधाराने सांगता, हा त्या विरोधाचा गाभा आहे.

अल्बर्टा आपला खनिजावरचा हक्क सांगतो तो १९३० च्या करारावरून. त्या वर्षी केंद्राने जमीन आणि खनिजे प्रांताच्या हवाली केली. त्या व्यवहाराच्या टेबलावर दोन सरकारे होती. मूळ राष्ट्रांना कोणी बोलावले नाही.

याचे परिणाम काय झाले हे लुबिकॉन क्री लोकांच्या कहाणीतून कळते. १८९९ मध्ये करार करणारे अधिकारी नदीकाठाने गेले. आत जंगलात राहणारे हे लोक करारातून सुटून गेले. १९४० च्या सुमारास त्यांना राखीव जमिनीचे आश्वासन मिळाले, जमीन मिळाली नाही. १९७० च्या दशकात तिथे तेल निघू लागले. १९७५ मध्ये त्या भागातल्या लोकांनी जमिनीच्या नोंदवहीत आपला हक्क नोंदवण्याचा प्रयत्न केला, आपल्याकडे सातबाऱ्यावर हरकत नोंदवतात तसा. प्रकरण न्यायालयात असतानाच, १९७७ मध्ये, अल्बर्टाच्या विधिमंडळाने जमीन नोंदणीचा कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला आणि ती वाटच बुजवली! खटला उभा असताना नियम बदलणारे विधिमंडळ हेच. केंद्राच्या अतिक्रमणाविरुद्ध न्यायाची भाषा बोलणारे विधिमंडळही हेच. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने लुबिकॉन लोकांच्या हक्कांचा भंग झाल्याचे म्हटले. प्रत्यक्ष तडजोड व्हायला २०१८ साल उजाडले.

केंद्र तरी कुठे धुतल्या तांदळाचे?

प्रांत असा, तर केंद्र तारणहार असेल? १८७६ चा ‘इंडियन कायदा’ केंद्राचाच. मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडण्याचे धोरण केंद्राचेच. दीड लाखांहून अधिक मुले या शाळांतून गेली. २००८ मध्ये देशाच्या पंतप्रधानांना संसदेत माफी मागावी लागली आणि २०१५ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगाने या प्रकाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. १९२७ मध्ये तर केंद्राने असा नियम केला की जमिनीचे दावे लढण्यासाठी परवानगीशिवाय पैसा गोळा करणे हाच गुन्हा. म्हणजे वकील लावणेच अशक्य करून टाकले! हा नियम १९५१ पर्यंत होता. केंद्राच्या निवडणुकीत सरसकट मताचा अधिकार मिळाला १९६० मध्ये. अल्बर्टाच्या निवडणुकीत १९६५ मध्ये. पाच वर्षांचे अंतर, पण उशीर दोघांचाही. आणि १९२८ ते १९७२ या काळात अल्बर्टाने स्वतःच्या कायद्याने सुमारे २,८०० लोकांची सक्तीची नसबंदी केली. त्या सबंध काळात केंद्राने तो कायदा नामंजूर केला नाही.

अलीकडचे पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र आणि अल्बर्टा यांच्यात समझोता झाला. ज्या दोन गोष्टींविरुद्ध सार्वभौमत्वाचे ठराव झाले होते त्याच गोष्टींवर केंद्राने माघार घेतली. वायूंवरची मर्यादा आणायची नाही, वीजनिर्मितीचे नियम अल्बर्टापुरते स्थगित ठेवायचे आणि पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणाऱ्या नव्या तेलवाहिनीचा मार्ग मोकळा करायचा असे ठरले. किनाऱ्यावरच्या मूळ राष्ट्रांनी लगेच विरोध नोंदवला, कारण तेल त्यांच्या समुद्रातून जाणार आहे. काल एकमेकांच्या उरावर बसलेली दोन सरकारे आज एका टेबलावर बसली, आणि १९३० प्रमाणे याही वेळी तिसरी खुर्ची मांडली गेली नाही.

पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०२५ मध्ये, अल्बर्टाच्या न्यायालयाने सांगितले की प्रांताने कॅनडातून वेगळे व्हावे का, हा सार्वमतासाठी सुचवलेला प्रश्न संविधानाशी आणि मूळ राष्ट्रांच्या करारहक्कांशी विसंगत आहे. सार्वमताचा प्रश्न संविधानाच्या या तरतुदींशी सुसंगत असला पाहिजे, अशी अट प्रांताच्याच कायद्यात होती. सरकारने काय केले? त्याच महिन्यात ती अटच कायद्यातून काढून टाकली! १९७७ आणि २०२५ या दोन सालांमध्ये किती अंतर आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

बाबासाहेबांची कसोटी

२९ जानेवारी १९३९ रोजी पुण्यात गोखले संस्थेत बाबासाहेबांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर भाषण केले. १९३५ च्या कायद्याने जे संघराज्य येऊ घातले होते त्याची त्यांनी चिरफाड केली. त्यात संस्थानिकांना जागा होती, संस्थानातल्या प्रजेला नव्हती. प्रजेच्या वतीने राजाने नेमलेला माणूस बसणार होता. असे संघराज्य म्हणजे सत्ताधाऱ्यांची आपसातली वाटणी, ही त्या भाषणाची दिशा होती. अल्बर्टाच्या प्रकरणात नेमके हेच दिसते.

स्थानिक सत्तेचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४८ च्या भाषणात गावाचे खरे रूप दाखवले. सत्ता जवळ आली म्हणजे न्याय जवळ आला असे होत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक आहे? पण केंद्राच्या हाती सत्ता देतानाही ती मोकाट सोडली नाही. मूलभूत हक्क केंद्र आणि राज्य दोघांवरही बंधनकारक केले, आणि ते मोडले गेले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क कलम ३२ ने दिला.

आमच्या संविधानातले एक कलम फारसे चर्चेत येत नाही. ते म्हणजे कलम ३५. अस्पृश्यता कलम १७ ने नष्ट केली. पण तिच्याबद्दल शिक्षा ठरवणारा कायदा करण्याचा अधिकार कोणाला? कलम ३५ सांगते की तो फक्त संसदेला आहे, राज्यांच्या विधिमंडळांना नाही. ही तरतूद किती दूरदृष्टीची आहे! अस्पृश्यतेला किती शिक्षा द्यायची हे ठरवणे त्या त्या प्रांतातल्या बलदंड जातींच्या बहुमतावर सोडले असते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा संसदेने केला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही संसदेचाच.

पण कायदा संसदेचा आणि ठाणे राज्याचे! पोलीस हा राज्यसूचीतला विषय. येथेच अल्बर्टाची गोष्ट आपल्या अंगणात येते. तिथे केंद्राचा कायदा न राबवण्यासाठी विधिमंडळात ठराव मांडावा लागतो, चर्चा होते, वर्तमानपत्रे लिहितात, कोणीतरी न्यायालयात जाते. आपल्याकडे ठरावाची गरजच पडत नाही. फिर्याद घ्यायला उशीर लावला, कलमे गाळली, तपास योग्य दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला नाही, पंच फुटू दिले, की काम झाले. १९९५ चे नियम सांगतात की मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीची बैठक वर्षातून किमान दोनदा झाली पाहिजे. ती झाली का, हे कळण्यासाठी कार्यकर्त्यांना माहिती अधिकाराचे अर्ज करत बसावे लागते. हासुद्धा केंद्राच्या कायद्याला दिलेला नकारच आहे. फक्त तो कागदावर नाही, त्यामुळे त्याला आव्हान देणे अधिक कठीण आहे.

म्हणून आपल्या चळवळीने ‘राज्यांचे हक्क’ या घोषणेला आंधळा विरोध करू नये आणि ‘बळकट केंद्र’ या घोषणेला आंधळा पाठिंबाही देऊ नये. तामिळनाडूने १९९३ मध्ये ६९ टक्के आरक्षणाचा कायदा केला, आणि १९९४ मध्ये संसदेने तो नवव्या परिशिष्टात घातला. तिथे राज्याची स्वायत्तता बहुजनांच्या कामी आली. ती अशी कामी येत असेल तर आपण राज्याच्या बाजूने उभे राहावे. उद्या एखादे राज्य स्वायत्ततेच्या नावाने दुर्बलांचे संरक्षण काढून घेत असेल तर संविधान हाती घेऊन त्याच्यासमोर उभे राहावे. आणि केंद्रच ते काढून घेत असेल तर केंद्रासमोर!

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये, क्युबेकच्या विलगतेच्या प्रश्नावर मत देताना, त्या देशाच्या संविधानाच्या पायात चार तत्त्वे असल्याचे सांगितले: संघराज्य, लोकशाही, कायद्याचे राज्य आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण. अल्बर्टाच्या राज्यकर्त्यांना पहिली दोन तोंडपाठ आहेत. उरलेल्या दोहोंची आठवण त्यांना ओनियन लेकच्या लोकांना न्यायालयात जाऊन करून द्यावी लागली. यापुढे कोणतेही सरकार, दिल्लीचे असो की मुंबईचे, अधिकारासाठी दुसऱ्या सरकारशी भांडताना दिसले की आपल्या कार्यकर्त्यांनी आधी एवढे विचारावे: हा अधिकार मिळाल्यावर तुम्ही तो कोणावर वापरणार आहात, आणि त्यांना विचारले आहे का?